दावणीवरचे आयुष्य

गायीच्या देहाला निसर्गाने सुमारे २० वर्षांची मुदत दिलेली आहे. परंतु दुग्धव्यवसायाच्या जमाखर्चात त्या मुदतीला फारसा मान नाही, आणि युरोप-अमेरिकेतील संपन्न गोठ्यांतली होल्स्टीन गाय बहुधा तीनएक वेतांनंतर, वयाच्या पाचव्या-सहाव्या वर्षीच, कळपातून बाद होते. गाभण न राहणे, कासदाह आणि लंगडेपणा ही त्या बादीची ठळक कारणे. आणि मालवण, कुडाळ, वेंगुर्ले या टापूत संकरित गाय पाळणाऱ्या शेतकऱ्यालाही याच तीन शत्रूंशी झुंजावे लागते. येथे मात्र १९७६ च्या महाराष्ट्र पशुसंरक्षण कायद्यान्वये गोहत्येस मनाई असल्यामुळे, बाद झालेली गाय एक तर दुसऱ्याच्या दावणीला जाते, किंवा भाकड होऊन धन्याच्याच वैरणीवर राहते, अथवा मोकाट सुटते. कालवड वाढवून ती प्रथम विण्यास अडीच-तीन वर्षे लागतात, तोवरचा सारा खर्च पुढच्या वेतांनी फेडायचा असतो, आणि दुधाचा भर तर तिसऱ्या वेतापासून पुढे येतो. तेव्हा दुसऱ्याच वेतात निकामी झालेली गाय धन्याला देणे ठेवूनच जाते.

मग गाय टिकते ती रक्ताच्या गुणाने की गोठ्याच्या? पशुप्रजननशास्त्राचे उत्तर असे की, एकाच जातीच्या गायींच्या आयुर्मानात जो परस्पर फरक आढळतो, त्याचा साधारण दहावा हिस्साच आनुवंशिक असतो. उरलेला बहुतेक भाग हवा, चारा, रोगराई आणि धन्याची निगा यांच्या पदरी पडतो. परंतु आनुवंशिक हिस्सा लहान म्हणून उपेक्षणीय ठरत नाही. नॉर्वेने १९७० च्या दशकापासून गायींच्या आजारांची नोंद राष्ट्रीय प्रमाणावर ठेवली आणि वळूची निवड करताना त्याच्या लेकींचे केवळ दूध न पाहता त्यांचे आरोग्य व प्रजननही विचारात घेतले, त्यामुळे तेथील तांबड्या गायीने निरोगीपणाबद्दल लौकिक मिळविला. अमेरिकेने वळूंच्या मूल्यमापनात लेकींचे उत्पादक आयुष्य समाविष्ट केले ते १९९४ मध्ये.

आता उरलेल्या नऊ दशांशांचा हिशेब मालवणच्या किनाऱ्यावर मांडून पाहू. होल्स्टीन ही थंड उत्तर युरोपात घडलेली जात. तिचे रक्त अंगी असलेली गाय दमट उन्हाळ्यात धापा टाकते, चारा कमी खाते, आणि तिचा माज इतका मुका होतो की धन्याच्या ध्यानातच येत नाही. एक माज हुकला की २१ दिवस वाया, आणि असे चार-पाच हुकले की निरोगी गायही वांझांच्या यादीत जाऊन बसते. पुढे ३००० मिलिमीटरांच्या वर कोसळणारा पाऊस येतो. ओल्या शेणामुतात चार महिने उभे राहून खुरे मऊ पडतात, सडांच्या वाटेने कासेत जंतू शिरतात, आणि गोचिडांबरोबर संकरित जनावराला विशेष घातक ठरणारा थायलेरियाचा ताप येतो. जांभ्या मातीतील लोह व ॲल्युमिनियम स्फुरदाला जखडून ठेवतात, म्हणून तीवर उगवलेल्या गवतात स्फुरद तुटपुंजे. भाताच्या पेंढ्यात प्रथिने अल्प, सिलिका अधिक, आणि त्यातील ऑक्झलेट कॅल्शियमलाही अडवून धरते. अशा गायीला खनिज मिश्रण देणे ही चैन नव्हे, गरज आहे.

याच हवेत शतकानुशतके घडलेली कोकण कपिला लहान चणीची, डोंगरउतारावर चरणारी, थोड्या चाऱ्यावर निभावणारी असून कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने तिची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली आहे. तिचे दूध थोडे, हे सत्य लपविण्याचे कारण नाही; परंतु काटकपणाची जी पुंजी तिच्या रक्तात साठली आहे, ती विकत आणता येणारी नाही. देशी गाय व विदेशी वळू यांच्या पहिल्या पिढीत संकराचे तेज पूर्ण असते. मात्र त्या लेकींना पुन्हापुन्हा विदेशी रेतनच दिले, तर दूध वाढण्याची आशा धरता धरता ते तेज आणि हवेशी असलेले सख्य दोन्ही ओसरत जातात. म्हणून विदेशी रक्त निम्म्याच्या आसपास राखण्याची तजवीज किनारपट्टीवर तरी कटाक्षाने पाळली पाहिजे.

गोठ्याच्या जमिनीला उतार, वर उंच छप्पर, गोचिडांचा बंदोबस्त, वेळेवर लस आणि सकाळ-संध्याकाळ माजाची पाहणी एवढ्यानेही गायीच्या आयुष्यात एक-दोन वेतांची भर पडू शकते. याच्या जोडीला प्रत्येक गोपालकाने एक साधी वही ठेवावी: गायीचा जन्म, तिचे आईबाप, वेतांच्या तारखा, आणि ती दावणीवरून सुटली त्या दिवशी सुटण्याचे खरे कारण. अशा वह्या गावोगावच्या दूध संस्थांत व पशुवैद्यकीय दवाखान्यांत एकत्र झाल्या, तरच कोणत्या वळूच्या लेकी कोकणात टिकतात हे आपल्याला कोकणातल्या पुराव्याने सांगता येईल. तोवर दुसऱ्यांच्या हवेत निवडलेल्या वळूंवरच आपल्याला विसंबून राहावे लागेल.