स्त्रियांच्या ओटीपोटाचे जुने दुखणे आणि चिनी वैद्यक

आपल्या माता-भगिनी कितीतरी दुखणी अंगावर काढतात. ओटीपोटाचे दुखणे हे त्यांपैकीच एक. लाजेमुळे ते घरातही बोलले जात नाही, म्हणून आम्ही येथे त्याची माहिती देत आहोत.

बेंबीच्या खालचे दुखणे सहा महिन्यांहून अधिक टिकले तर डॉक्टर त्यास जुनाट समजतात. गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढणे, जंतुसंसर्ग, मूत्राशय वा आतड्यांचे विकार, स्नायूंचा ताठरपणा अशी त्याची अनेक कारणे असतात. आपल्याकडे क्षयरोगाचाही विचार करावा लागतो.

चिनी वैद्यक याकडे निराळ्या दृष्टीने पाहते. शरीरात ‘ची’ म्हणजे प्राणशक्ती आणि रक्त अखंड वाहत असते. हा प्रवाह अडला की वेदना होते, असे ते मानते. एकाच जागी टोचणारे दुखणे म्हणजे रक्त साकळणे. फुगल्यासारखे, जागा बदलणारे दुखणे म्हणजे ‘ची’ अडणे. शेकल्याने बरे वाटणारे दुखणे म्हणजे थंडीचा परिणाम. म्हणून चिनी वैद्य जीभ व नाडी पाहतो आणि पाळी, झोप, चिंता यांची बारकाईने विचारपूस करतो.

उपचारात सुया टोचणे मुख्य होय. आतल्या घोट्याच्या हाडापासून चार बोटे वर ‘सानयिनच्याओ’ हा बिंदू यासाठी प्रसिद्ध आहे. गरोदरपणी मात्र तो वर्ज्य मानतात. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली ज्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले, त्यातीलच डॉ. बसू यांनी ही सुयांची विद्या पुढे भारतात रुजविली.

गुण येतो काय? काही चाचण्यांत सुयांनी वेदना कमी झाल्या. परंतु उपचार थांबल्यावर गुण ओसरतो, असेही आढळले. वनौषधींबाबत पुरावा अजून तोकडा आहे आणि ‘वनस्पती म्हणजे निर्धोक’ हा समज घातक आहे. वजन घटविण्यासाठी चिनी वनौषधी घेतलेल्या स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी झाल्याचे बेल्जियममधील डॉक्टरांनी १९९३ साली उघडकीस आणले होते.

तेव्हा आधी स्त्रीरोगतज्ज्ञाकडून तपासणी व सोनोग्राफी करून घ्यावी. सुया जोडीला, प्रशिक्षित व्यक्तीकडून आणि निर्जंतुक, एकदाच वापरायच्या असाव्यात. ताप, पाळीव्यतिरिक्त रक्तस्राव किंवा वजन घटणे ही लक्षणे दिसताच विलंब करू नये.

चिनी वैद्याची विचारपूस मात्र आपण सर्वांनीच उचलावी. घरातील स्त्रीला “काय दुखते?” असे विचारावे आणि तिचे सांगणे खरे मानावे. उपचाराची सुरुवात तेथूनच होते.