करडाचा डोळा, चिलटाचा डोळा

डोळा घडवण्याचे काम ज्या जनुकाच्या इशाऱ्याने सुरू होते, त्याचे नाव पॅक्स-६. धाराशिव जिल्ह्यातल्या गोठ्यातली काळी उस्मानाबादी शेळी, तिला चारणारा माणूस आणि पिकल्या केळ्यावर घोंघावणारे चिलट, या तिघांतही ते आहे.

शेळी पाच महिने गाभण असते; डोळ्याची उभारणी त्यातल्या पहिल्या काही आठवड्यांतच सुरू होते. कोवळ्या मेंदूच्या दोन्ही बाजूंना एकेक फुगवटा येतो आणि वरच्या त्वचेला जाऊन टेकतो. तिथली त्वचा जाड होते, आत वळते, सुटी होते आणि तिचे भिंग बनते. फुगवटा वाटीसारखा खोल होऊन दृष्टिपटल बनतो. माणसाच्या गर्भातही हाच क्रम असतो. शेळीची बाहुली आडवी आणि माणसाची गोल, हा तपशील नंतरचा.

चिलटाचा डोळा मात्र सुमारे ८०० बारीक नेत्रिकांचा. असा डोळा आणि करडाचा डोळा स्वतंत्रपणेच उपजले असणार, असे जीवशास्त्रज्ञ दीर्घकाळ मानत. चिलटाचा डोळा खुरटवणारा ‘आयलेस’ हा जनुकदोष १९१५ मध्येच नोंदला गेला होता. हे जनुक म्हणजे उंदराच्या पॅक्स-६चेच भावंड, हे १९९४ मध्ये बाझेलच्या वॉल्टर गेरिंग यांच्या प्रयोगशाळेने दाखवले. पुढच्याच वर्षी हाल्डर, कॅलार्ट्स आणि गेरिंग यांनी ते चिलटाच्या अळीत भलत्या जागी चालू केले. माशी बाहेर पडली तेव्हा तिच्या पायांवर, पंखांवर, मिशांवर लाल डोळे होते. उंदराचे जनुक घातले तरी डोळे उगवले, आणि तेही चिलटाचेच! म्हणजे पॅक्स-६ डोळ्याचा आराखडा देत नाही. ते हुकूम सोडते, बांधणी ज्या त्या प्राण्याची.

हा हुकूम ५० कोटी वर्षांहून जुना आहे. पण त्यावरून सर्वांचा पूर्वज पूर्ण डोळ्याचा होता, असे म्हणणे घाईचे ठरेल. साधी प्रकाशसंवेदी पेशी समाईक होती, हे अधिक पटते. शिवाय प्लॅनेरिया या चपट्या कृमीचा तुटलेला डोळा पॅक्स-६ बंद केले तरी पुन्हा उगवतो. नियम भक्कम आहे, सार्वत्रिक नाही.

या जनुकाची मात्राही नेमकी लागते. उंदरात दोन्ही प्रती बिघडल्या तर डोळे आणि नाक घडतच नाहीत आणि पिल्लू जन्मताच दगावते. माणसात एक प्रत बिघडली की बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा अपुरा राहतो किंवा नसतोच. बाळाला उजेड सहन होत नाही, नजर थरथरते. पॅक्स-६ आपल्या ११व्या गुणसूत्रावर आहे आणि त्याच्या शेजारी मूत्रपिंडाच्या कर्करोगाला आवर घालणारे डब्ल्यूटी-१ हे जनुक आहे. गुणसूत्राचा तिथला तुकडा गळाला तर दोन्ही एकदम जाऊ शकतात. म्हणून घरात आधी कुणाला हा दोष नसताना बाळाच्या डोळ्यात रंगीत पडदा दिसला नाही, तर केवळ नेत्रतज्ज्ञाकडे जाऊन थांबू नये. जनुकीय तपासणी आणि मूत्रपिंडाची सोनोग्राफी लवकरात लवकर करून घ्यावी.