लपणारे दिवे, खटखटणारी मोटर आणि माझी ४२ रेकॉर्डिंग्ज



पेटची तयारी करणाऱ्यांचा एक प्रश्न मला वारंवार येतो: "दादा, टॉपिक तर ठरला, 'फॉल्ट डायग्नोसिस'. पण त्यात संशोधन म्हणजे नेमकं करायचं काय? बिघडलेलं तर मेकॅनिकही दुरुस्त करतो." प्रश्न रास्त आहे. आज एका मोटरवरून सांगतो. त्यात माझी एक चूकही आहे, ती तुम्ही करू नये म्हणून लिहितोय.

जुन्या स्पोर्ट्स कारचे ते दिवे तुम्ही सिनेमात पाहिले असतील. दिवसा बॉनेटमध्ये झाकलेले, स्विच दाबला की डोळे उघडल्यासारखे वर येणारे. १९३६च्या कॉर्ड ८१० गाडीत ते हाताने हँडल फिरवून उघडावे लागत. १९६३च्या कॉर्व्हेटमध्ये त्यासाठी विजेची मोटर आली, १९६८च्या मॉडेलपासून व्हॅक्यूमवर चालणारी व्यवस्था, आणि १९८४च्या मॉडेलला पुन्हा मोटर. माझदा मियाटाच्या पहिल्या पिढीतही असेच दिवे होते. २००४ नंतर मोठ्या कंपन्यांच्या गाड्यांतून हा प्रकार गेला. वर्ध्यात अशी गाडी मी एकदाही पाहिलेली नाही. बजाज चौकात एखादी उभी राहिली तर ट्रॅफिक जाम होईल.

मग आपला संबंध काय? मोटर तीच आहे. तुमच्या घरच्या कारची काच वर-खाली करणारी, वायपर हलवणारी मोटर आणि ही मोटर सख्ख्या बहिणी. एक लहान डीसी मोटर, तिच्या शाफ्टवर स्क्रूसारखे आटे असलेला वर्म, आणि त्या आट्यांत अडकून हळू फिरणारा प्लास्टिकचा गोल गिअर. वेग कमी होतो, जोर वाढतो.

मात्र थांबण्याच्या पद्धती दोन आहेत, आणि इथेच सगळी गंमत आहे. मियाटाची मोटर एकाच दिशेने फिरते. अर्धा फेरा झाला की दिवा वर, उरलेला अर्धा झाला की खाली. आतली संपर्क-पट्टी योग्य जागी सप्लाय तोडते, वायपर आपल्या जागी येऊन थांबतो तसंच. दुसऱ्या प्रकारात, म्हणजे सी४ कॉर्व्हेटच्या नंतरच्या वर्षांत, मोटर जाताना एका दिशेने आणि येताना उलट फिरते. दिवा शेवटच्या अडणीवर टेकतो, मोटर अडते, करंट वाढतो आणि तो वाढलेला करंट ओळखून कंट्रोल मॉड्यूल सप्लाय बंद करतं. काचेच्या मोटरलाही अडणीवर असाच धक्का बसतो.

हा धक्का कुणीतरी खायला हवा. म्हणून गोल गिअरच्या पोटात तीन खाचा ठेवतात आणि त्यांत तीन लहान बुश बसवतात. गिअरचा जोर थेट शाफ्टला न जाता या बुशांमधून जातो. वर्षानुवर्षं उष्णता आणि ग्रीस सोसून ते बुश ठिसूळ होतात आणि एक दिवस त्यांचा चुरा होतो. मग गिअर आधी थोडा रिकामाच फिरतो आणि खाचेच्या भिंतीवर आदळतो: खट्. मेकॅनिकच्या भाषेत 'प्ले आला'. फारच झालं तर दिवा उघडल्यावरही मोटर काही सेकंद घरघरत राहते, कारण अडल्याचं तिला कळतच नाही. बाहेर उभ्या माणसाला वाटतं, मोटर गेली. मोटर बिचारी ठणठणीत असते.

आता आवाजावरून हे कसं ओळखायचं? थोडं गणित करू. समजा मोटर मिनिटाला ३००० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ५०. वर्म एकआटी असेल तर त्याच्या दर फेऱ्याला गोल गिअरचा एक दात पुढे सरकतो. गिअरला ६० दात धरले तर त्याचा पूर्ण फेरा १.२ सेकंदात होतो. मग आर्मेचर किंवा त्याच्या बुशातला दोष सेकंदाला ५०च्या पटीत बोलेल, आपल्याला तो सलग 'कुईं' किंवा 'घर्र' असा ऐकू येईल. गोल गिअरचा एक दात तुटला असेल तर १.२ सेकंदांतून एकदा 'टक्'. आणि आतले बुश गेले असतील तर फक्त दिशा बदलताना आणि अडणीवर पोचताना 'खट्'.

इथे एक खोच आहे. उलटसुलट फिरणाऱ्या प्रकारात दिव्यासाठी गिअर साधारण अर्धाच फेरा घेतो असं समजा. मग तुटका दात त्या अर्ध्या भागात नसेल तर 'टक्' कधीच ऐकू येणार नाही, आणि असेल तर एका उघडण्यात एकदाच येईल. हाच 'टक्' अडणीजवळ आला की बुशाच्या 'खट्'सारखा वाटतो. दोन वेगळे दोष, कानाला एकच आवाज! शिवाय झीज फक्त अर्ध्या दातांची होते, उरलेले नव्यासारखे राहतात. गिअर काढून फिरवून बसवायची जुनी युक्ती यावरच चालते.

तर माझ्यासारख्याचं काम इथे सुरू होतं. मेकॅनिकला गाडी चालू करून द्यायची असते. मला हे दोन आवाज मोटर न उघडता वेगळे करता येतात का ते बघायचं आहे.

आता चूक. भंगारवाल्याकडून मी काचेची एक जुनी मोटर आणली. दिशा बदलली की मस्त 'खट्' द्यायची. २१ रेकॉर्डिंग्ज केली. मग उत्साहात उघडली, आतलं काळपट ग्रीस पेट्रोलने लख्ख धुतलं, बुश बदलले, कार्बन ब्रश बदलले, नवं ग्रीस भरलं, बोल्ट कसले. आवाज गायब! आणखी २१ रेकॉर्डिंग्ज. आधीचा आणि नंतरचा ग्राफ शेजारी ठेवून गाईडकडे गेलो. त्यांनी पाहिलं आणि एवढंच विचारलं, "कशामुळे गेला?"

मी म्हणालो, "बुशमुळे." "कशावरून?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. चार-पाच गोष्टी एकदम बदलल्या होत्या. बोल्ट ढिला असेल, ग्रीस सुकलं असेल, काहीही. आणि पुरावा पेट्रोलबरोबर नालीत गेला होता. ग्रीसमध्ये पांढरा चुरा असता तर बुश किंवा गिअरचं प्लास्टिक, काळी पूड असती तर कार्बन ब्रश, धातूची चमक असती तर बेअरिंग किंवा वर्म. ते ग्रीस म्हणजे मोटरची केस-हिस्ट्री होती आणि मी ती धुऊन काढली. तीन आठवड्यांची ती ४२ रेकॉर्डिंग्ज थिसिसमधून वगळावी लागली. फोल्डर अजून ठेवलंय, डिलीट करायला हात होत नाही.

ज्या गॅरेजमध्ये मी नंतर बसायला लागलो तिथल्या मिस्त्रीने ही गोष्ट ऐकली आणि हसला. "काहून धुतलं भाऊ? आधी बोटावर घेऊन पाहाचं असते ना!" त्याने लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटरच्या बॉडीला आणि मूठ कानाला लावून ऐकायला शिकवलं. हे फार कामाचं आहे, कारण पत्रा किंवा फायबरचं पॅनल आवाज मोठा करतं आणि भलत्याच ठिकाणाहून आल्यासारखा वाटतो.

दुसऱ्या मोटरला मी असं केलं. आधी हाताने शाफ्ट डावी-उजवीकडे हलवून रिकामा प्ले मोजला. दिव्यांच्या बऱ्याच मोटरना मागे हाताने फिरवायची घुंडी असते, तिथे हे सोपं जातं. पण गाडीवर करणार असाल तर आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. तो दिवा अचानक मिटला तर बोटं सापडतात. मग आवाज आणि करंट एकत्र रेकॉर्ड केले. करंटने फार मदत केली. बुश गेले असतील तर सुरुवातीला गिअर रिकामा फिरतो तेवढा वेळ करंट कमी राहतो आणि आदळला की एकदम उसळतो. तुटक्या दाताला हा सुरुवातीचा रिकामा टप्पा नसतो. कानाला जे सारखं वाटत होतं ते करंटच्या ग्राफवर वेगळं दिसलं.

मग उघडली. ग्रीस चमच्याने काढून डबीत ठेवलं, लेबल लावलं. त्यात पांढरा चुरा होता. फक्त बुश बदलले, जुनंच ग्रीस परत भरलं, बोल्ट आधी होते तेवढेच कसले. (मिस्त्रीला हे अजिबात पटलं नाही. घाण ग्रीस परत भरणारा मी त्याच्या आयुष्यातला पहिलाच.)

बाजारात या दिव्यांसाठी पितळी गिअरही मिळतात, सी५ कॉर्व्हेटवाले ते हौसेने बसवतात. प्लास्टिक गेलं, कटकट गेली असं त्यांचं म्हणणं. मला यात शंका आहे. धक्का तर तेवढाच राहतो, मग तो पुढच्या शाफ्टवर, लिंकवर, ब्रॅकेटवर जाईल. प्लास्टिकचा गिअर आणि ते बुश हे घरातल्या फ्यूजसारखे आहेत, स्वस्तातला भाग आधी मरतो. एखाद्याला यावरच प्रश्न उभा करता येईल: पितळी गिअरनंतर पुढे काय झिजतं, किती फेऱ्यांनी? बेंचवर दिवसरात्र उघडझाप करून मोजता येण्यासारखं आहे, आणि मोटर भंगारात किलोवर मिळते.

माझ्या दुसऱ्या मोटरचा 'खट्' गेला. यावेळी कशामुळे ते सांगता आलं, गाईडनी मान हलवली. पण 'खट्' गेल्यावर त्याच्याखाली दडलेली एक बारीक 'कुईं' ऐकू यायला लागली, सेकंदाला साधारण ५०च्या पटीत. आर्मेचरचा बुश असावा. अजून उघडलेली नाही, आधी रेकॉर्डिंग्ज पूर्ण करतोय.