लायटरमधली किणकिण कुणाची?

परवा ऑफ तासाला मी वर्गात 'हम दोनो' (1961) या सिनेमातली एक धून ऐकवली. देव आनंद लायटर उघडतो आणि त्यातून किणकिण सूर येतात ना, तीच. आजी-आजोबांना विचारा, लगेच गुणगुणून दाखवतील!

"बाई, लायटरला चावी असेल," पहिल्या बाकावरून उत्तर आलं.

छे! ती धून वाजवली होती मुंबईचे पारशी वादक केरसी लॉर्ड यांनी, ग्लॉकेनस्पील या वाद्यावर. पोलादी पट्ट्यांची रांग असते आणि छोट्या हातोडीनं त्या ठोकायच्या.

केरसींचा जन्म 1935 चा. घरात तालाचाच संसार. भाऊ बर्जोर ड्रम वाजवायचे. वडील कावस लॉर्ड म्हणजे तर तालवाद्यांचे राजेच. बोंगो, कोंगा ही मूळची क्यूबा बेटावरची वाद्यं. ती हिंदी सिनेमात आणणाऱ्यांत कावसकाकांचं नाव आधी घेतात. त्या काळी मुंबईच्या हॉटेलांत जाझ बँड वाजायचे. त्यांतले कितीतरी गोव्याचे वादक रात्री हॉटेलात आणि दिवसा स्टुडिओत. आपल्या पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांनी 'अलबेला'त (1951) याच रंगाची गाणी दिली, आणि सगळा देश ठेका धरू लागला.

बोंगो म्हणजे जोडून ठेवलेले दोन छोटे ढोल, एक लहान, एक थोडा मोठा. गुडघ्यांत धरायचे. आपल्या गणपतीच्या ढोलाला टिपरू लागतं, इथं नुसती बोटं! कोंगा उंच असतो, तो तळव्यानं वाजवतात. (बाकावर करून बघा, पण तास चालू असताना नको.)

स्टुडिओतलं काम मात्र सोपं नव्हतं. गायक आणि सगळे वादक एकत्रच वाजवत. शेवटच्या ओळीत एकाचा जरी ठोका चुकला, तरी सगळ्यांना पुन्हा पहिल्यापासून! केरसी नोटेशन वाचत आणि लागेल ते वाद्य हाती घेत. 'आराधना'तल्या (1969) 'रूप तेरा मस्ताना'मधलं अ‍ॅकॉर्डियन त्यांचंच.

"मग तबकडीवर त्यांचं नाव का नाही?" एका मुलीनं विचारलं. मी काही बोलायच्या आत मागून आवाज आला, "माझे बाबा चाकणला गाडीचे दरवाजे बसवतात. गाडीवर त्यांचं नाव असतं का?"

खरं सांगते, मला पटकन उत्तर सुचलं नाही. तबकडीवर संगीतकार, गीतकार, गायक यांची नावं असत. वादकाला त्या दिवसाचे पैसे मिळत, नाव क्वचितच.

पुढची गोष्ट तर आणखी अवघड. 1973 मध्ये केरसींनी मिनीमूग नावाचा सिंथेसायझर भारतात आणला. नव्या आवाजांचं त्यांना भारी वेड! पण पुढं अशाच यंत्रांवर एकटा माणूस साऱ्या ताफ्याचं काम करू लागला, आणि अनेक वादक घरी बसले. लॉर्ड कुटुंबावर 'द ह्युमन फॅक्टर' हा माहितीपट 2012 मध्ये निघाला, तेव्हा कुठं पुष्कळांना ही माणसं कळली. ऑक्टोबर 2016 मध्ये केरसी गेले.

आता तुमच्यासाठी एक काम. आर. डी. बर्मन यांची जुनी गाणी लावा आणि खर्र-खट् असा, खाचांवर काडी घासल्यासारखा आवाज शोधा. ते वाद्य रेसो-रेसो. वाजवणारे, अमृतराव काटकर. सापडलं तर आई-बाबांनाही ऐकवा, आणि नाव सांगायला विसरू नका हं!