नव्या खेळाची पहिली पारख

व्याख्यानमालेत कामगार चळवळीतला माणूस उभा राहिला, की तो महागाई, बोनस आणि नवे कामगार कायदे यांविषयी बोलणार असे श्रोते घरूनच ठरवून येतात. या खेपेस मी संगणकाच्या पडद्यावर खेळल्या जाणाऱ्या खेळांविषयी बोलणार आहे. आणि त्यातही, खेळ बाजारात नवा आला असता तो खेळणारे प्रथम काय उद्गार काढतात याविषयी. विषय काहींना पोरकट वाटेल. परंतु ज्यांनी मोंढ्यात कापसाची गाडी उभी असलेली पाहिली आहे, त्यांना तो परका वाटू नये. शेतकरी वर्षभर राबतो. व्यापारी येतो, गाडीच्या वरच्या थरातून मूठभर कापूस उचलतो, बोटांत धरून धागा ओढून पाहतो आणि भाव बोलून मोकळा होतो. मुठीत जे आले त्यावर साऱ्या गाडीचा सौदा ठरतो. नव्या खेळाची गत याहून फार निराळी नाही.

सभेत माझ्या वयाची मंडळी पुष्कळ दिसतात, म्हणून हा खेळ असतो कसा ते आधी सांगतो. सोंगट्या किंवा वाघ-बकरी खेळायला बसताना नियम दोघांनाही ठाऊक असतात. साहसाच्या या नव्या खेळांत नियम कोणी सांगत नाही. हाताला कळेल तसे ते उमगत जातात. तुम्ही आम्ही लहानपणी माकड आणि मगर यांची गोष्ट ऐकली. पंचतंत्रात वाचली असेल, ‘चांदोबा’त वाचली असेल, नाहीतर आजीकडून ऐकली असेल. माकडाने युक्ती केली की आपण हसायचो. या खेळात माकड आपणच असतो. झाडावर उडी मारण्याची कळ वेळेवर दाबली नाही, तर गोष्ट तिथेच मगरीच्या तोंडात संपते आणि पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावा लागतो. ऐकणाऱ्याला गोष्टीतला जीव कानाने कळतो. खेळणाऱ्याला तो बोटांनी कळतो. पुढचे सारे विवेचन या एका भेदावर उभे आहे.

अशा खेळांत अलीकडे फार गाजला तो एका मांजराचा. दक्षिण फ्रान्समधल्या माँपेलिए गावच्या ‘ब्लूट्वेल्व’ नावाच्या लहान मंडळीने तो रचला. नाव ‘स्ट्रे’, म्हणजे भटके जनावर. १९ जुलै २०२२ रोजी तो विक्रीस आला. माणसे नाहीशी झालेले, चारी बाजूंनी कोंडलेले एक शहर. त्यात यंत्रमानव राहतात, आणि आपल्या सोबत्यांपासून चुकलेले एक तांबूस मांजर वाट शोधीत फिरते. ते मांजर म्हणजे खेळणारा. त्याला तलवार नाही की बंदूक नाही. एक कळ दाबली तर ते ‘म्याँव’ करते, दुसरीने सतरंजीवर नखे ओरबाडते. पहिल्या दिवसांतले उद्गार याच गोष्टींविषयी होते. कथानक काय आहे हे सांगण्याआधी लोक म्हणाले, मांजर अगदी मांजरासारखे चालते! घरोघरची खरी मांजरे पडद्यापुढे येऊन बसू लागली आणि मालक त्यांची छायाचित्रे काढून जगाला दाखवू लागले. तक्रारीही झाल्या. खेळ पाचेक तासांत संपतो. शिवाय उडी मारण्याची कळ जिथे उडी शक्य आहे तिथेच चालते, म्हणून मांजर कधी पडत नाही, आणि पडण्याची भीती नाही तर साहस कसले? मला ही तक्रार रास्त वाटते. पण ज्या कुणी आयुष्यात प्रथमच असा खेळ हाती धरला असेल, त्याला तीच सोय वरदान वाटली असणार.

आता आपल्या महाराष्ट्राकडे वळू. पुण्यात ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ ही मूठभर माणसांची संस्था आहे. तिने ‘राजी’ हा खेळ केला. यात नायक प्राणी नाही, खेळ करून पोट भरणारी, कसरती मुलगी आहे. पण गोष्ट त्याच अद्भुताच्या घराण्यातली. असुर तिच्या धाकट्या भावाला, गोलूला, पळवून नेतात आणि ती त्याच्या शोधात निघते. दुर्गा तिला त्रिशूळ देते. दुर्गा आणि विष्णू वरून तिची वाटचाल पाहत आपापसांत बोलत असतात, आणि आपण ते ऐकत खेळतो. मधले कथाभाग छायाबाहुल्यांनी सांगितले आहेत. कोकणात पिंगुळीच्या ठाकर कलावंतांनी चामड्याच्या बाहुल्यांचा जो खेळ पिढ्यान् पिढ्या जतन केला, तो पाहिलेल्या माणसाला हे ओळखीचे वाटेल.

हा खेळ एका छोट्या हातयंत्रासाठी १८ ऑगस्ट २०२० रोजी आणि संगणकासह इतर यंत्रांसाठी १५ ऑक्टोबर २०२० रोजी बाहेर पडला. त्यामागची हकीकत ऐकण्यासारखी आहे. २०१७ च्या अखेरीस या मंडळींनी लोकवर्गणी मागितली होती. ‘किकस्टार्टर’ नावाच्या या व्यवस्थेत ठरलेली रक्कम पुरी जमली तरच हाती येते; नाही जमली तर छदामही मिळत नाही. त्यांची जमली नाही. पुढे संस्थापकांपैकी एकाने आपले घर विकून काम चालू ठेवले. घर विकून माल तयार करणारा धनी माझ्या तीस वर्षांच्या चळवळीत मला भेटलेला नाही, हे मोकळेपणाने सांगतो.

खेळणाऱ्यांचे पहिले बोलणे काय होते? स्तुती बहुतेक डोळ्यांची होती. राजस्थानी धाटणीचे वाडे आणि किल्ले, पहाडी चित्रशैलीतले रंग, भिंतींवर रंगवलेल्या देवादिकांच्या कथा, संगीत. परदेशच्या लोकांना सगळेच नवे होते, आणि आपल्याकडच्या मुलांना ओळखीचे देव पडद्यावर पाहून उर भरून आला. तक्रारी मात्र हाताच्या होत्या. पाहण्याचा कोन खेळाने ठरवलेला, त्यामुळे काही उड्यांचे अंतर नजरेत येत नाही. लढाईत कळ दाबल्यावर हत्यार किंचित उशिरा हलल्यासारखे वाटते. इंग्रजी संवाद कानाला बोचतात. आणि शेवट! पाचसहा तास खेळल्यावर गोष्ट रंगात आली असता एकाएकी पडदा पडतो, हे कित्येकांना मानवले नाही. तरीसुद्धा त्या वर्षी जागतिक पारितोषिकांत पदार्पणाच्या खेळांच्या यादीत ‘राजी’चे नाव आले. २०२२ मध्ये सुधारलेली आवृत्ती निघाली, तीत पात्रे हिंदीतही बोलू लागली. म्हणजे पहिल्या खेळणाऱ्यांचे शब्द वाया गेले नाहीत.

हे सारे मी नुसते वाचून बोलत नाही. आमच्या युनियनच्या कार्यालयात हिशेब लिहायला येणाऱ्या एका तरुणाला आणि एका हमालाच्या मुलीला मी हा खेळ खेळायला बसवले आणि शेजारी खुर्ची टाकून पाहत राहिलो. तरुणाला अशा खेळांचा सराव होता. तो भिंतीवरच्या चित्रांपुढून धावत गेला, असुर सापडताच लढला, आणि पंधरा मिनिटांत म्हणाला, “साहेब, मारामारी ढिली आहे.” मुलगी पहिल्याच चित्रापुढे थांबली, सगळी कथा ऐकून घेतली, मग उडी चुकून चार वेळा खाली पडली. तिला विचारले तर म्हणाली, “काका, छान आहे, पण हिला घरी कोणी शोधत नाही का?” दोघांनी एकच खेळ खेळला. दोघांचेही खरे होते. बाजारात मात्र पहिल्याचे म्हणणे मोठ्याने ऐकू जाते, कारण पहिल्या दिवशी खेळ घेणारे बहुधा सराईतच असतात.

आता पैशाकडे येतो. संगणकाच्या खेळांचे जगातले मोठे दुकान म्हणजे ‘स्टीम’. २०१५ पासून तिथला नियम असा आहे, की घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळून झाले असेल तर गिऱ्हाईक माल परत करून पैसे मागू शकतो. ग्राहकाच्या दृष्टीने नियम चांगला आहे, मी त्याच्याविरुद्ध नाही. पण त्याचा परिणाम पाहा. मोंढ्यात धान्याच्या पोत्यात सळई खुपसून मूठभर दाणे काढतात. सळई निदान पोत्याच्या पोटात शिरते. इथे पारख फक्त तोंडाशी होते. पाच तासांच्या खेळात पाचव्या तासाचे काम ज्याने केले, त्याच्या कष्टावर भाव ठरतच नाही. मग शहाणा धनी काय करील? सगळा जोर पहिल्या दोन तासांवर लावील. पैसा आटला की काटछाट शेवटाकडून सुरू होईल. ‘राजी’चा शेवट अशानेच तुटला असे माझे म्हणणे नाही, त्या मंडळींच्या घरातला हिशेब मला ठाऊक नाही. धंद्याची ओढ त्या दिशेची आहे एवढेच सांगतो.

मांजराच्या खेळाची प्रकाशक कंपनी अमेरिकेतली होती. सप्टेंबर २०२४ मध्ये तिच्या खेळ-विभागातली सर्वच्या सर्व माणसे, सुमारे २५, धन्याशी बोलणी फिसकटल्यावर एकदम राजीनामे देऊन बाहेर पडली. आमच्या हमाल बांधवांना हे सांगितले तेव्हा एक जण म्हणाला, “एवढी एकी हाय व्हय तिकडं?”

एका गोष्टीकडे मात्र खेळणाऱ्यांचे लक्ष सहसा जात नाही. नव्या खेळाचे पहिले खेळणारे ते नव्हेतच. त्यांच्याआधी महिनोन् महिने तोच खेळ पगारावर खेळणारे तपासनीस असतात. तीच उडी दोनशे वेळा मारायची, मांजर भिंतीत अडकते का ते पाहायचे, अडकले तर लिहून द्यायचे, दुरुस्त झाले की पुन्हा दोनशे उड्या. नवलाई त्यांना लाभत नाही. ती दुसऱ्याला निर्वेध लाभावी म्हणून ते आपली संपवून टाकतात. या धंद्यात सर्वांत कमी पगाराची आणि कंत्राटी कामे बहुधा हीच. आपल्या तरुणांना यात शिरायचे असेल तर बहुधा याच दारातून शिरावे लागेल, म्हणून जरा तपशिलाने सांगतो.

अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात ‘रेव्हन’ नावाची खेळ करणारी संस्था आहे. डिसेंबर २०२१ मध्ये तिथल्या डझनभर तपासनिसांना काम संपल्याचे कळवण्यात आले, आणि त्यांच्या सोबत्यांनी काम बंद केले. मे २०२२ मध्ये मतदान होऊन १९ विरुद्ध ३ मतांनी त्यांची युनियन झाली. संख्या हसण्यासारखी लहान आहे. १९६९ चा माथाडी कायदा होण्यापूर्वी आपल्याकडेही गोदीत आणि बाजारात सभेला येणारी माणसे कधी कधी एवढीच असत, असे जुने कार्यकर्ते सांगत. जानेवारी २०२३ मध्ये ‘झेनिमॅक्स’च्या सुमारे ३०० तपासनिसांनी तोच मार्ग धरला, आणि बड्या मायक्रोसॉफ्ट कंपनीशी २०२५ मध्ये त्यांचा करार झाला. पगारवाढ त्यात आहेच. त्याखेरीज एक कलम असे आहे, की खेळ संपल्यावर पडद्यावरून जी नामावली सरकत जाते तीत तपासनिसांच्या कामाची नोंद नीट व्हावी. ही नामावली खेळाच्या अगदी अखेरीस येते, पहिल्या दोन तासांच्या फार पुढे.