वाटाड्या सोबत घ्या

मुलांनो, बुधवार पेठेतल्या आप्पा बळवंत चौकात नकाशा विकत मिळेल. पण राजगुरुनगरमार्गे भोरगिरीला जाऊन तेथून भीमाशंकरला पायी निघालात, तर नुसता नकाशा पुरत नाही. पावसाळ्यात या जंगलात असे धुके उतरते, की समोरची वाट दिसेनाशी होते. म्हणून गावातला वाटाड्या सोबत घ्या. त्याचे पैसे आधीच ठरवा.

या डोंगरांत महादेव कोळी आदिवासींची गावे आहेत. नावात कोळी असले, तरी हे लोक भातशेती करतात आणि हिरडा गोळा करून विकतात. युनानी औषधांतला हलेला तुम्हांला ठाऊक असेल. तोच हा हिरडा. वाटेवरच्या झाडाची फळे गंमत म्हणून तोडू नका. त्यांवर कुणाच्या तरी घरचे मीठमिरची चालते. पाणी हवे असेल, तर अंगणात थांबून मागा.

१९८५ साली हे जंगल अभयारण्य झाले. चालता चालता वाटाड्या एकाएकी थांबला, तर बोलू नका. वर पाहा. शेंड्यावर तांबूस शेकरू असेल.