हात आखडता घेतला की मेंदूत काय घडतं?

खेळ साधा होता. एकाजवळ २० डॉलर. त्यातले हवे तितके त्यानं दुसऱ्याला द्यायचे. दिलेल्या रकमेची तिप्पट होते. त्यातले किती परत करायचे, ही दुसऱ्याची मर्जी. असे दहा डाव. ह्यूस्टनच्या बेलर कॉलेज ऑफ मेडिसिनमध्ये ब्रूक्स किंग-कासास आणि सहकाऱ्यांनी परतफेड करणाऱ्यांचे मेंदू हा खेळ चालू असताना स्कॅन केले. त्यांपैकी ५५ जणांना बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर होता. भावनांचे टोकाचे चढउतार, जवळचं माणूस सोडून जाईल ही सततची धास्ती, नाती तुटत राहणं, अनेकदा स्वतःला इजा करणं, अशी या आजाराची लक्षणं.

समोरच्यानं हात आखडता घेतला, तर निरोगी खेळाडू थोडी जास्त परतफेड करून त्याला चुचकारत. रुसवा निघे, डाव सावरे. रुग्णांकडून हे चुचकारणं फारसं होत नव्हतं आणि सहकार्य आटत जाई. मेंदूच्या घडीत दडलेला इन्सुला हा भाग इतरांमध्ये दोन्ही वेळा चेतत असे: समोरून कमी रक्कम आली तेव्हा आणि आपण कमी दिली तेव्हाही. रुग्णांमध्ये मात्र तो आपण कमी दिल्यावरच चेतत होता. नातं बिघडू लागल्याची समोरून येणारी खूण तिथं उमटतच नव्हती. हे निष्कर्ष २००८ साली ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाले.

भीतीची घंटा वाजवणाऱ्या अमिग्डालाची कथा उलटी. २००३ मधल्या एका अभ्यासात चेहऱ्यांची छायाचित्रं पाहताना रुग्णांचा अमिग्डाला जास्त पेटला. काहींना तर निर्विकार चेहरेही धमकावणारे वाटले.

म्हणून एमआरआय काढून निदान होईल, असं कुणी समजू नये. हे फरक गटांच्या सरासरीतले आहेत. या रुग्णांमध्ये दिसणारा हिप्पोकॅम्पस या स्मृतीशी निगडित भागाचा लहान आकार नैराश्यातही आढळतो. शिवाय आनुवंशिकता आणि बालपणीचे आघात यांची गुंतागुंत आहेच.

पण मेंदू घडवता येतो. मार्शा लिनेहान यांनी विकसित केलेल्या डायलेक्टिकल बिहेवियर थेरपीनंतर अमिग्डालाची अतिप्रतिक्रिया कमी झालेली दिसली आहे आणि दीर्घ पाहणीत बहुसंख्य रुग्णांची लक्षणं दहा वर्षांच्या आत ओसरली. तेव्हा घरातल्या अशा माणसाला ‘नाटकी’ ठरवण्याआधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलता येतं.